पोचपावतीवाले मामा

आमच्या 'माटोळी' ग्रूपवर पहाटे साडेपाचला गणपती येतो. पाववाल्या पोदेराचा हॉर्न त्यानंतर. चवथीला गणपतीच्या डोक्यावर नारळ, आंबाडे, सुपारीचे घोस जसे एकाच चौकटीला टांगतात, तसे पेडणे, डिचोली, म्हापसा, पुणे असे पांगलेले बेचाळीस नातलग मामांनी या ग्रूपला टांगून ठेवले आहेत. माटोळी निदान विसर्जनानंतर उतरवतात.

असे मामा प्रत्येक घराण्यात असतात. कुठे ते काका असतात, कुठे आत्या. आमचे पोस्टमन होते, एवढाच फरक. पेडण्याच्या तांबड्या वाटांवर सायकल हाणत त्यांनी जन्मभर लोकांची पत्रं वाटली. 2014 च्या नोव्हेंबरात व्हॉट्सअ‍ॅपने निळ्या टिका आणल्या आणि त्याच सुमारास मामा निवृत्त झाले. "निळी टीक म्हणजे रजिस्टरची पोचपावती," हा त्यांचा सिद्धांत. टपाल खात्याने 2025 साली रजिस्टर पत्र स्पीड पोस्टात विलीन करून टाकलं. मामांनी ते माटोळीवर चालू ठेवलं आहे.

ग्रूपमध्ये सगळ्यांनी वाचल्याशिवाय टीक निळी होत नाही. मामा मेसेजवर बोट दाबून धरतात, कोणी किती वाजता वाचलं ती यादी काढतात आणि मागे राहिलेल्याला फोन लावतात. वाचणाराही सुटत नाही. "टीक निळी जाली, जाप खंय?" म्हणजे उत्तर कुठाय? एका मावसभावाने लास्ट सीन बंद केलं, तर मामा आठवडाभर सांगत होते, "आतून कडी घालून बसलाय." 2018 पासून एक मेसेज एका वेळी पाचांपलीकडे फॉरवर्ड होत नाही. जग चिडलं, मामा नाही. ग्रूप झाला की ते पाच-पाच घरांच्या वेगळ्या फेऱ्या काढतात. जुनं बीटच ते.

2023 च्या जानेवारीत मोपाचं विमानतळ सुरू झालं. त्यानंतरची गोष्ट. त्यांचा एक भाचा पुण्याहून त्यांच्याच तालुक्यात उतरला, मित्रांबरोबर परस्पर हरमलला गेला आणि समुद्रात बुडणाऱ्या सूर्याचा फोटो स्टेटसला लावला. पाच मिनिटांत मामांचा मेसेज आला : "सुंदर. तुझा भात झाकून ठेवला आहे."

तो भाचा मी. रात्री दहाला जाऊन तो भात मुकाट्याने खाल्ला.

तर मध्यंतरी डिचोलीच्या धाकट्या मामांच्या लेकीचं लग्न ठरलं. तिने उत्साहाच्या भरात अंगठीचा फोटो स्टेटसला लावला. मामांनी तो नऊ वाजून दहा मिनिटांनी पाहिला. सख्खा थोरला काका, आणि त्याला दुधवाल्याबरोबर कळावं? सव्वानऊला त्यांनी माटोळीवर लिहिलं, "अभिनंदन. कळवल्याबद्दल आभारी आहे." आणि ग्रूप सोडला.

पूर्वी रुसायचं तर चवथीला जायचं नाही, आणि ते लक्षात यायला चवथ उजाडावी लागे. आता रुसव्याचा मेसेज बेचाळीस जणांना एका क्षणात पोचतो. पण एकुलता एक अ‍ॅडमिन निघून गेला की व्हॉट्सअ‍ॅप उरलेल्यांतल्या कोणालाही गादीवर बसवतं. चिठ्ठी मामींच्या नावाची निघाली.

मामी फोन लेकीशी बोलण्यापुरता हातात धरतात. नातवाने त्यांना राज्याभिषेकाची बातमी दिली, तेव्हा त्या बांगडे साफ करत होत्या. दोन दिवस मामा स्वयंपाकघराच्या दारात घुटमळले. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "मला परत घे."

"आधी डिचोलीला जाऊन या."

पेडणे-म्हापसा, म्हापसा-डिचोली अशा दोन बसेस करून मामा पोचले. धाकट्या मामांनी त्यांना पाहून कपाळालाच हात लावला. खुंटीला पिशवी अडकवलेली होती. आत नारळ, पेढे. रविवारी स्वतः पेडण्याला यायचं ठरलं होतं. "दादा, तुका फोनार कशें सांगप?"

मामा बराच वेळ त्या पिशवीकडे बघत राहिले, म्हणे. मग पेढा खाल्ला. मग सवयीने मामींना मेसेज केला : "पोचलो." दोन टिका आल्या. निळ्या झाल्या. जाप नाही.

संध्याकाळी मामा घरी परतले. पाय धुऊन आत आले तर पाट मांडलेला, बांगड्यांचं हुमण चुलीवर गरम होत होतं. त्यांनी विचारलं नाही. जाप ताटात वाढली जात होती.

माटोळीवर ते दुसऱ्या दिवशी परतले. पहाटे साडेपाचला गणपती आला. मी पाहिला, आणि आधी हात जोडलेलं चिन्ह पाठवलं, मग डोळे उघडले.