नस्ती उठाठेव

तहसील कार्यालयात सर्वांत मोठा माणूस तहसीलदार, हा समज नवख्याचा. दोन-चार खेपा घातल्या की कळतं, मोठा तो जिन्यामागच्या खोलीत बसणारा अभिलेखपाल. कुठे त्याला नाना म्हणतात, कुठे अण्णा. आपण तात्या म्हणू. साहेब येतात नि बदलून जातात, तात्या हलत नाहीत. त्यांची बदली झालीच, तर दोन महिन्यांत साहेब स्वतःच त्यांना परत मागून घेतात. दरम्यान कार्यालयातला एकही जुना कागद कुणाला सापडलेला नसतो.

रेकॉर्डरूम म्हणजे लाल खारव्यात बांधलेल्या गठ्ठ्यांच्या भिंती, वर कळकट ट्यूबलाइट आणि डांबरगोळ्यांचा वास. क-पत्रक कुठे, कडई पत्रक कुठे, कोतवाल बुकं कुठल्या रॅकच्या मागे सरकलीत, याची यादी सरकारी नियमाप्रमाणे असते. तात्यांनी ती कधी उघडलेली नाही. ते डोळे मिटतात, दोन बोटांनी कपाळ चोळतात आणि म्हणतात, "खिडकीकडचा रॅक, खालून दुसरा, पावसानं भिजलेल्या गठ्ठ्याच्या शेजारी." शिपाई जातो आणि कागद घेऊन येतो.

सरकारी कागदाच्या जाती चार. 'अ' कायम ठेवायचा, 'ब' ३० वर्षं, 'क' मधल्यामध्ये, आणि 'ड' वर्षभरानं नष्ट करायचा. तात्या 'ड'ला सर्वांत जास्त भितात. 'अ' वर्गाचा कागद कुणी पन्नास वर्षांत विचारत नाही, आणि 'ड' वर्गाचा आज फाडला की उद्या त्याच्यावर लक्षवेधी लागते, असा त्यांचा अनुभव. म्हणून नष्ट करायच्या कागदांचा गठ्ठा ते दरवर्षी विधिवत बांधतात, त्यावर 'नष्ट' असं लिहितात आणि जपून ठेवतात. त्यात त्यांचा दोष नाही. महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम २००५ सालचा. कागद नियमाबाहेर नष्ट केला, तर त्याच्या नवव्या कलमात पाच वर्षांपर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. बाकीचा कायदा तात्यांनी वाचलेला नाही, पण हे कलम त्यांना तोंडपाठ आहे. माहिती अधिकाराच्या अर्जाला ते 'अभिलेख गहाळ' असं उत्तर कधी देत नाहीत. 'अभिलेख आढळून येत नाही' असं देतात. गहाळ म्हटलं की गुन्हा. आढळत नाही म्हटलं की शोध सुरू आहे, आणि शोध काय, जन्मभर सुरू राहू शकतो.

अशा या संस्थानावर एके दिवशी ई-ऑफिस चालून आलं.

तात्यांनी सुधारणा पाहिल्या नाहीत असं नाही. ऐंशीच्या दशकात अहमदनगरला जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी दप्तर झाडून, लावून, नोंदवून घेतलं. 'लखिना पॅटर्न' म्हणून तो राज्यभर गाजला. त्याच्या कहाण्या तात्यांनी आपल्या गुरूंकडून ऐकलेल्या. मग सहा गठ्ठे पद्धत, मग झिरो पेंडन्सी. प्रत्येक वेळी पाच-सहा महिने झाडाझडती होते, खोलीला रंग लागतो, फोटो निघतात आणि गठ्ठे जागेवर येतात. त्यामुळे 'कागदविरहित कार्यालय' या विषयावरचं परिपत्रक आलं तेव्हा तात्या गडबडले नाहीत. त्यांनी त्याच्या प्रिंट काढल्या, प्रत्येक टेबलाला एक दिली, पोच घेतली आणि त्या विषयाची स्वतंत्र नस्ती उघडली. वर्गवारी केली 'अ'. "ही भानगड जायची नाही, तात्या?" असं अव्वल कारकुनानं विचारलं, तर म्हणाले, "जाईल. पण परत येईल ना."

प्रशिक्षणाला ते पहिल्या रांगेत बसले. शिकवणाऱ्या पोरानं सांगितलं, की पिवळी टिप्पणी म्हणजे मसुदा, ती कितीदाही खोडा. एकदा हिरवी झाली की ब्रह्मदेवालाही खोडता येत नाही. कोणी किती वाजता उघडली, किती दिवस बसून राहिला, सगळं दिसतं. सभागृहात अस्वस्थ शांतता पसरली. तात्यांनी मात्र वहीत लिहून घेतलं, 'हिरवी – खोडता येत नाही.' आणि खाली दोन रेघा मारल्या.

मग स्कॅनिंगवाली पोरं आली. कंत्राटी, तोंडाला रुमाल, पानामागे दर ठरलेला. गठ्ठे सोडायला त्यांना सेकंद लागायचा, बांधायला कुणालाच येत नव्हतं. मोडीतली पानं उलटी-सुलटी जाऊ लागली, कारण वरची बाजू कुठली हेच कळेना. मोडी तात्यांनाही वाचता येत नाही. पण मोडी लिहिणारा आधी पानभर आडवी रेघ ओढून घ्यायचा आणि मग तिच्याखाली अक्षरं लोंबकळवायचा, एवढं त्यांना ठाऊक. ते नुसती रेघ बघून पान सरळ करून द्यायचे. पोरं त्यांना तज्ज्ञ म्हणू लागली. तात्यांनी नाकारलं नाही. २०२३ साली कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि याच खोलीत टेबलं, खुर्च्या आणि चक्क दोन पंखे आले, तेव्हापासून त्यांना आपल्या योग्यतेचा अंदाज आलेलाच होता.

खरी मौज शोधाच्या चौकटीत झाली. साहेबांनी मोठ्या हौसेनं संगणकात 'वडगाव' टाकलं. शून्य. जुन्या रजिस्टरात गाव 'वडगांव' आहे, अनुस्वारासकट. शुद्धलेखनाचे नियम १९६२ साली बदलले आणि तो टिंब माणसांच्या डोळ्यांना दिसेनासा झाला, पण संगणकाच्या लेखी ती दोन गावं. मग 'वडगांव' टाकलं, तर तालुक्यातली सगळी वडगावं हात जोडून उभी. त्यातलं बुद्रुक कुठलं, खुर्द कुठलं, हे नोंद करणाऱ्या पोरानं लिहिलंच नव्हतं. पोरगं शहरातलं, त्याला ती आडनावं वाटली. काही नोंदी जुन्या फॉन्टात केलेल्या. त्या पडद्यावर उमटल्या तेव्हा टंकयंत्रावरून मांजर चालत गेल्यासारखा मजकूर दिसला.

साहेबांनी तात्यांना बोलावलं. तात्यांनी डोळे मिटले, कपाळ चोळलं. "सर्व्हरवर बघा. दुसरं फोल्डर, 'न्यू फोल्डर तीन' नावाचं. त्यात खालून पाचवी पीडीएफ. त्या दिवशी लाइट गेली होती, पोरानं नाव द्यायचं राहून गेलं."

सापडली.

आता मंडळी तात्यांना विचारून संगणकात शोधतात. काम जलद झालं यात शंका नाही. पूर्वी तात्यांना विचारून शिपाई पाठवावा लागायचा. लोकांच्या सोयीचं म्हणाल, तर डिजिटल सहीचा सातबारा घरबसल्या मिळतो आणि शेतकऱ्याच्या तेवढ्या खेपा वाचतात, हे तात्याही मान्य करतात. फक्त त्या सातबाऱ्यावर चूक निघाली की तो माणूस पुन्हा जिन्यामागेच येतो. आता गठ्ठ्याबरोबर त्याला पीडीएफही दाखवावी लागते, म्हणजे कामाचा ताण वाढला, असं त्यांचं म्हणणं.

गेल्या महिन्यात साहेबांच्या ध्यानात आलं, की तात्या वर्षभरात निवृत्त होतायत आणि सगळी सूची त्यांच्या डोक्यात आहे. त्यांनी ई-ऑफिसवर आदेश काढला, की अभिलेखपालांनी आपल्याजवळील माहिती तात्काळ संगणकावर नोंदवावी. तात्यांनी आदेश उघडला, चष्मा पुसला आणि दोन बोटांनी, सावकाश, टिप्पणी टंकली, 'आदेशाची शाईच्या सहीची प्रत प्राप्त होताच पुढील कार्यवाही अनुसरण्यात येईल.'

आणि ती हिरवी करून टाकली.