प्रयोग क्रमांक एक : देशाचा कल मोजणे

उद्दिष्ट : देशाच्या नेत्यावर देश कितपत खूश आहे ते टक्क्यांत काढणे, आणि जमल्यास दशांश चिन्हापर्यंत नेणे. दशांश चिन्हाला फार महत्त्व आहे. ‘निम्म्याहून जास्त लोक खूश आहेत’ असं चहाच्या टपरीवर कुणीही सांगतं. ‘५३.४ टक्के’ म्हटलं की ऐकणारा कप खाली ठेवतो.

ही प्रयोगवही मुख्यतः आमच्या तात्यांमुळे लिहिली आहे. तात्या माझे चुलते. एसटीत कंडक्टर म्हणून लागले आणि कराड स्टँडवरून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झाले. निवृत्त झाले म्हणजे पगार थांबला, स्टँडवर जाणं थांबलं नाही. रोज सकाळी फलाटावरच्या बाकावर बसतात आणि जेवायला घरी येताना देशाचा कल घेऊन येतात. ‘लोक नाराज आहेत.’ कोण लोक, असं विचारायची सोय नाही. ‘लोक म्हणजे लोक,’ एवढं म्हणून ते आमटी मागतात.

साहित्य : माणसं, सुमारे एक हजार. प्रश्नावली. टॅब, नाहीतर छापील फॉर्म. चांगल्या चपला.

हजार हा आकडा ऐकून तात्या पहिल्यांदा खवळले होते. एकशे चाळीस कोटींचा देश आणि हजार माणसांत उरकणार? मी शितावरून भाताची परीक्षा सांगितली. तात्या म्हणाले, ‘भात एका पातेल्यात शिजतो. तुझा देश कुठल्या पातेल्यात शिजतोय?’ शंका अगदी बरोबर आहे, त्यामुळे जरा थांबावं लागेल.

हजार माणसं खरोखर चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवडली, म्हणजे यादीतल्या प्रत्येकाला निवडलं जाण्याची सारखीच संधी मिळाली, तर चूक साधारण तीन टक्के इकडे किंवा तिकडे राहते. देश कोटींचा आहे की लाखांचा, याने त्यात जवळजवळ काही फरक पडत नाही. चूक निम्मी करायची तर माणसं दुप्पट करून भागत नाही, चौपट करावी लागतात. म्हणून शहाणा माणूस हजार-दोन हजारांवर थांबतो. हौशी माणूस लाखांचे आकडे छापतो आणि आपण पुण्य केलं असं समजतो.

तसलं पुण्य अमेरिकेत १९३६ साली ‘लिटररी डायजेस्ट’ नावाच्या साप्ताहिकाने केलं. टेलिफोन डिरेक्टऱ्या आणि मोटारींच्या नोंदी चाळून त्यांनी जवळजवळ एक कोटी लोकांना पत्रं पाठवली. वीस लाखांहून जास्त उत्तरं आली, आणि त्यावरून राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट निवडणुकीत पडणार असं जाहीर झालं. रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यं जिंकले. मंदीच्या काळात ज्याच्या घरी फोन आणि दारात मोटार, तो रूझवेल्टवर खूश असण्याचं कारणच नव्हतं. शिवाय चिडलेला माणूस पत्राचं उत्तर पाठवतो, समाधानी माणूस ते फडताळात ठेवून विसरतो. जॉर्ज गॅलप नावाच्या गृहस्थाने फार थोड्या माणसांवर तो निकाल बरोबर सांगितला होता. साप्ताहिक १९३८ साली बंद पडलं.

तेव्हा ‘जे भेटतील ते’ हे साहित्य चालणार नाही. तात्यांना भेटतात ते गाडीची वाट बघणारे. ज्याच्या बुडाखाली बुलेट आहे तो त्यांच्या शास्त्रात जन्मालाच आलेला नाही.

कृती : आपल्याकडे दिल्लीची ‘लोकनीती’ ही संस्था करते तसं करावं. आधी मतदारसंघ निवडावेत, त्यातून मतदान केंद्रं, मग मतदारयादीतून ठरावीक अंतराने नावं. नाव हातात घेऊन त्याच माणसाच्या दारात जाऊन उभं राहावं. शेजाऱ्याच्या नाही.

हे वाक्य लिहायला सोपं आहे. कॉलेजात असताना अशाच एका पाहणीसाठी मी वाड्यावस्त्या हिंडलो आहे. फॉर्ममागे पैसे मिळत. पाटण तालुक्यात डोंगरावरच्या वाडीत यादी घेऊन गेलं की यादीतला निम्मा पुरुषवर्ग मुंबईला माथाडीत असतो, एखादा वारलेला असतो, एकीचं लग्न होऊन नाव अजून माहेरच्याच यादीत असतं. आणि पारावर चार माणसं बसलेली असतात. रिकामी, बोलायला उत्सुक, विड्या ओढत. ‘आमचं लिवा की!’ त्यांचं लिहू नये. ऊन माथ्यावर आलेलं असताना, शेवटची गाडी चुकायची भीती असताना आणि फॉर्मचा हिशोब डोक्यात चालू असतानाही त्यांचं लिहू नये. पारावरच्या चौघांचं मत हेच देशाचं मत असं मानूनच आजवर बहुतेक राजकारण चाललं आहे. ते मोजायला आणखी माणूस पाठवायची गरज नाही.

आता दार. दार वाजवल्यावर बाई उघडते आणि सांगते, ‘घरात कुणी नाही.’ ती उंबऱ्यात उभी असते, कडेवर पोर असतं, आत सासू तांदूळ निवडत असते आणि घरात कुणी नसतं. आपल्या यादीत नेमकं तिचंच नाव असतं. तसं सांगितलं की ती हसते आणि म्हणते, ‘हे येऊ देत, त्यांना विचारा.’ हे येतात. हे बसतात. ‘तिला काय विचारताय, मी सांगतो’ म्हणून दोन्ही फॉर्म एकाच तोंडाने भरायला लागतात. अशा वेळी एक पेला पाणी मागावं, तेही ह्यांच्याकडे. हे आत गेले की तेवढ्यात बाईंना प्रश्न विचारावा. कुठल्याही पुस्तकात ही युक्ती छापलेली नाही. मला एका सोबतच्या मुलीने शिकवली.

एवढं करूनही बायका कमी पडल्या तर कार्यालयात बसलेले लोक भारांकन करतात, म्हणजे भेटलेल्या एका बाईच्या उत्तराला न भेटलेल्या बाईचंही वजन देतात. तिच्या वतीने बोलले होते तिचे हे, हे कार्यालयाला कळायला मार्ग नसतो.

पण प्रश्न विचारायच्या आधी प्रश्न येतो, तो समोरून. ‘आडनाव काय आपलं?’ मग ‘गाव कुठलं?’ मग ‘तिथले ते अमुक तुमचे कोण?’ आपण त्याचं मत मोजायला गेलेलो असतो. तो आपली जात, भावकी आणि कल मोजून मोकळा होतो आणि मग त्या मापाचं उत्तर काढून देतो. पाहुणा नाराज जाऊ नये ही आपल्याकडे रीतच आहे. एका आजोबांनी तर ‘तुला काय पायजे ते लिव बाळा’ म्हणून माझ्या हातात गूळ-शेंगा ठेवल्या होत्या. त्या फॉर्मचं मी काय केलं ते विचारू नका. आणि हल्ली या सगळ्याच्या वर एक भीती असते. नाराज म्हटलं तर रेशन बंद होईल का? खात्यावरचे पैसे थांबतील का? टॅब घेतलेला माणूस सरकारीच असतो, असा खेड्यातला पक्का समज आहे.

यावर शास्त्राने दोन उपाय काढले आहेत. पहिला सोपा आहे : ‘मत कुणाला’ हे तोंडाने विचारूच नये. हातात खोटी मतपत्रिका द्यावी आणि समोर खोटी पेटी धरावी. त्याने खूण करावी, घडी घालून टाकावी. लोकनीतीवाले हेच करतात. माणूस तोंडाने जे बोलत नाही ते कागदावर करतो.

दुसरा उपाय जरा वळणाचा. रशियात पुतिन यांची पसंती ऐंशीच्या वर दाखवली जात होती तेव्हा २०१५ साली काही अभ्यासकांना शंका आली की लोक घाबरून बोलत असतील. त्यांनी निम्म्या लोकांना तीन नेत्यांची यादी दाखवली आणि निम्म्यांना तीच यादी अधिक पुतिन. कोण आवडतं ते सांगू नका, किती आवडतात तेवढा आकडा सांगा. दोन सरासऱ्यांची वजाबाकी म्हणजे पुतिन. माणूस सुरक्षित, आकडा हाती. निघालं असं की भीतीचा फुगवटा असला तरी फार मोठा नव्हता. माणूस त्या वेळी खरोखरच लोकप्रिय होता. विरोधकांचा विरस झाला असेल. (ही युक्ती घरात ‘आज पानातलं किती आवडलं’ या स्वरूपात वापरू नये. कुणालाही फसवता येत नाही.)

प्रश्नांचा क्रम. आधी कांद्याचा भाव विचारला आणि मग नेता विचारला तर नेता पडतो. आधी सीमेवरचं विचारलं तर उभा राहतो. पाहणी कुणी पैसे देऊन करवली आहे ते बघावं, मग प्रश्नावलीचं पहिलं पान बघावं. बाकी वाचायची गरज राहत नाही.

खबरदारी : पसंती म्हणजे मत नव्हे. चर्चिलना मे १९४५ मध्ये ८३ टक्के ब्रिटिश जनतेची पसंती होती आणि जुलैत त्यांचा पक्ष साफ हरला. लढाई जिंकून दिल्याबद्दल आभार होतेच; घरं आणि नोकऱ्या दुसरा देईल असं वाटलं. थोरल्या बुशना आखाती युद्धानंतर १९९१ मध्ये ८९ टक्के होते, पुढल्या वर्षी घरी गेले. आणि २००४ मध्ये हरलेले वाजपेयी तरी कुणाला आवडत नव्हते?

मत म्हणजे जागाही नव्हे. भाजपची देशातली मतं २०१९ पासून २०२४ पर्यंत जेमतेम एका टक्क्याने घटली आणि जागा ३०३ वरून २४० वर आल्या. त्याच निवडणुकीत महाराष्ट्रात दोन आघाड्यांच्या मतांत एका टक्क्याचंही अंतर नव्हतं, जागा पडल्या ३० आणि १७. म्हणजे आपली मतांची टक्केवारी अगदी तंतोतंत बरोबर आली तरी जागांचा आकडा तोंडघशी पाडू शकतो. १ जून २०२४ च्या संध्याकाळी, मतदान संपताच, भाजपच्या आघाडीला चारशेच्या आसपास जागा वाटणारे होते. ४ जूनला त्यातला एक जण वाहिनीवर रडला. लोक त्याला हसले. मला वाईट वाटलं. रडण्याइतका मनापासून खोटा ठरलेला माणूस त्या पडद्यावर क्वचितच दिसतो.

इंटरनेटवरून जगभरच्या नेत्यांची क्रमवारी लावणाऱ्या कंपन्या असतात, त्यांच्या यादीत आपले पंतप्रधान कायम वर असतात. पुण्याचा चुलतभाऊ ती यादी दर महिन्याला तात्यांना पाठवतो. भारतातली ती पसंती शिकलेल्या, ऑनलाइन असणाऱ्या माणसांची असते, एवढं त्याला कळवावं. लगेच कळवू नये, दिवाळीत भेटल्यावर.

निरीक्षण : तात्यांच्या नोंदी.

१९७७ साली तात्या कंडक्टर होते. आणीबाणीत गाडीत कुणी राजकारणावर बोलेना, त्या गप्प राहण्यावरूनच बाईंचं सरकार जाणार हे आपण ओळखलं होतं, असं ते सांगतात. त्या वेळी सांगितल्याचं घरात कुणाला आठवत नाही. शिवाय कराड आणि सातारा या दोन्ही जागा त्या वर्षी काँग्रेसनेच जिंकल्या, म्हणजे तात्यांच्या गाडीतले लोक गप्प होते ते बहुधा झोपले होते म्हणून. हे त्यांच्यासमोर काढू नये.

२००४. तात्या म्हणाले, भाजप. सगळेच म्हणाले होते.

२०२४, विधानसभा. इथे मात्र लिहावं लागतं. लोकसभेचा निकाल ताजा होता आणि स्टँडवरचा अख्खा बाक सांगत होता की सरकार जाणार. तात्या एकटे म्हणाले, बायका वेगळं करणार. मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट झालं आणि तात्यांच्या बाकासमोरून जाणारी गर्दीच बदलली होती. पूर्वी बाजारच्या दिवशी बाप्या यायचा, आता ती येत होती, एकटी, पिशवी घेऊन, आणि गाडी लागेपर्यंत दुसरीशी बोलत होती. सरकारी योजनेचे दीड हजार खात्यावर आले का, कुणाला आले, कुणाचे अडकले. तात्यांना नमुना, भारांकन यातलं काही माहीत नाही. ते नुसते ऐकत होते. सत्तेतल्या महायुतीला २३० जागा मिळाल्या त्या दिवशी त्यांनी दोनदा आमटी घेतली. एका बरोबर उत्तरावर माणूस किती वर्षं काढू शकतो, याला मर्यादा नाही. मोठमोठ्या संस्था त्यावरच चालल्या आहेत.

अनुमान : मध्यंतरी एक पोरगी टॅब घेऊन आमच्याकडे आली. तिच्या यादीत तात्यांचं नाव होतं. देशाचा कल शोधत शोधत शेवटी शास्त्र स्वतः तात्यांच्या दारात आलं म्हणून आम्ही सगळे बाहेर येऊन बसलो. पंतप्रधानांच्या कामावर समाधानी आहात का? तात्या म्हणाले, ‘आता काय सांगायचं.’ राज्य सरकारवर? ‘बघू.’ देश योग्य दिशेने चाललाय का? ‘तुला काय वाटतं?’ तिने मुकाट्याने तीनदा ‘सांगता येत नाही’ दाबलं.

मग तात्यांनी चहा सांगितला. आडनाव विचारलं, गाव विचारलं. तासगावच्या बाजूची निघाली. यंदा द्राक्षं कशी गेली, वडिलांनी कर्ज कुठलं काढलंय, भावाला नोकरी लागली का, आईच्या खात्यावर पैसे येतात का, फॉर्ममागे किती मिळतात आणि जायची गाडी कोणती. तिने सगळं सांगितलं. पावणेपाचची गाडी विट्याहून जाते, पण उभं राहायलाही जागा मिळणार नाही, असं सांगून तात्या तिला स्टँडपर्यंत सोडायला गेले. परत आले ते दारातच म्हणाले, ‘तासगाव नाराज आहे.’