सासू, सेवा आणि साहित्य

बारा प्रेषितांपैकी एकाच्याच सासूची शुभवर्तमानात नोंद आहे. संत पेत्राच्या. ती तापाने फणफणली होती, प्रभूने हात धरून तिला उठवलं आणि उठल्या उठल्या ती पाहुण्यांच्या सरबराईला लागली, असं संत मार्क सांगतो. आता या पेत्राच्या नावावर लेखन किती? दोन पत्रं. एक पाच अध्यायांचं, दुसरं तीन. त्यातलंही पहिलं सिल्वानच्या हातून थोडक्यात लिहून घेतल्याचं त्याने शेवटी सांगून टाकलंय. उलट संत पौल बघा. बायको नाही, सासू नाही, मुलांची पालकसभा नाही. पत्रं तेरा! वर करिंथकरांना उपदेश असा, की अविवाहिताला प्रभूच्या कामाची चिंता असते आणि विवाहिताला संसाराची. खरंच आहे. पण ते लिहून काढायला सवड कोणाला मिळाली, हेही त्यातूनच कळतं.

हा हिशेब मला सुचला तो भाकऱ्या थापताना. मी वसईच्या पश्चिम पट्ट्यातली. कॉलेजात असताना माझ्या कथा मासिकांतून छापून यायच्या. मग लग्न झालं. लिहिता येणारी सून आमच्या भागात कोणी वाया घालवत नाही. घरच्यांआधी धर्मग्रामाने मला ओळखलं. पहिल्याच रविवारी मिस्सानंतर फादरांनी विचारलं, “तुमचं अक्षर कसं आहे?” मी चांगलं आहे म्हणाले. तेव्हापासून माझी साहित्यसेवा अखंड चालू आहे. साहित्य थांबलं, सेवा राहिली.

काय काय लिहिलं नाही मी! दर रविवारच्या विश्वासूंच्या प्रार्थना. महोत्सवाची स्मरणिका. येणाऱ्या फादरांचं स्वागत आणि जाणाऱ्या फादरांचा निरोप. दोन्हींत ‘मनमिळाऊ’ आणि ‘तळमळीचे’ ही विशेषणं सक्तीची. नाताळची नाटिका तर विचारूच नका. प्रत्येक आईबापाला आपलं पोर गोठ्यात दिसायला हवं असतं. त्यामुळे आमच्या बेथलेहेमात मेंढरांपेक्षा मेंढपाळ जास्त झाले आणि मागी राजांना उभं राहायला जागा उरली नाही.

माझा खास प्रांत मात्र अंत्यविधीचा. प्रेतमिस्साच्या शेवटी मृताचा परिचय वाचतात, तो बहुतेक माझ्या हातचा असतो. एकदा शेजारचे काका संध्याकाळी चहाला आले आणि खिशातून कागद काढून म्हणाले, “माझं लिहून ठेव बघू. नंतर तुला घाई होईल.” त्यांनी मजकूर ऐकला, दोन दुरुस्त्या सांगितल्या, वाडीतल्या केळीचा उल्लेख घालायला लावला, धाकट्या भावाचं नाव काढायला लावलं. पंधरवड्याने परत आले. भावाशी समेट झाला होता. सुधारित आवृत्ती निघाली. काका अजून ठणठणीत आहेत आणि दर ईस्टरला नवी दुरुस्ती घेऊन येतात.

शिवाय मी मिस्सात शास्त्रपाठ वाचणारी वाचक आहे, रविवारी मुलांना धर्मशिक्षण देते. जानेवारी २०२१ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी वाचक आणि वेदीसेवक ही सेवापदं स्त्रियांसाठी रीतसर खुली केली. त्याच वर्षी मे महिन्यात धर्मशिक्षकाचं सेवापद आलं. मी मोठ्या उत्साहाने ही बातमी घरी सांगितली. नवरा म्हणाला, “अगं, मग आतापर्यंत तू काय करत होतीस?” मी म्हणाले, “तेच. फक्त आता रोमला कळलं.”

वाचकाचं काम दिसतं तितकं सोपं नाही. पेन्टेकॉस्टचं पहिलं वाचन ज्याच्या वाट्याला येतं, त्यालाच ते ठाऊक. पार्थी, मेदी, एलामी, मेसोपोटेमिया, कप्पदुकिया, फ्रुगिया, पंफुलिया! आठवडाभर मी कांदा चिरताना ही नावं घोकते. प्रेषितांवर पवित्र आत्मा उतरला आणि ते परक्या भाषा बोलू लागले. माझ्या घरात तो मुलांवर उतरला. त्यांनी मांजरीचं नाव पंफुलिया ठेवलं, आणि आता ऐन मिस्सात मी ते नाव उच्चारलं की आमच्या बाकावरून खुसखुस ऐकू येते.

तर असं सगळं मजेत चाललेलं असताना २०२० साली वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो उस्मानाबादच्या ९३व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. एक ख्रिस्ती धर्मगुरू पहिल्यांदाच त्या खुर्चीवर बसला. अख्ख्या वसईची छाती फुगली. आणि प्रत्येक लग्नात, बारशात, मसाला कांडायला गेलं तर तिथेही मला एकच प्रश्न: “तूही लिहायचीस ना गं? मग काय झालं?” काय झालं ते विचारणाऱ्यांच्याच मांडीवर बसलेलं असायचं, नाहीतर त्यांच्याच पुढ्यात वाढत असायचं. पण काटा रुतला तो रुतलाच. मी नवी वही आणली.

सुरुवातीला आदर्श शोधले. लेखकांचा आश्रयदाता संत फ्रान्सिस दी सेल्स. १९२३ मध्ये पोप अकरावे पायस यांनी त्याला ते पद दिलं. लोक प्रवचनाला येईनात, तेव्हा तो मजकूर लिहून दारांच्या फटीतून सरकवायचा. पण हा बिशप, म्हणजे संसाराच्या नावाने शून्य. फादर थॉमस स्टीफन्स तर इंग्लंडहून गोव्यात आले, परक्या भाषेत दहा हजारांहून जास्त ओव्या रचून १६१६ मध्ये ख्रिस्तपुराण छापून मोकळे झाले. तेही जेझुइट. संत थॉमस अक्वायनस म्हणे एकाच वेळी अनेक लेखनिकांना वेगवेगळा मजकूर सांगायचे. माझं नेमकं उलटं. मी एकटी लेखनिक, आणि चौघं एकाच वेळी मजकूर सांगतात: फादरांना पत्रक हवं, मुलीला निबंध, मुलाला गैरहजेरीची चिठ्ठी आणि सासूबाईंना वाण्याची यादी.

शेवटी मला माझी संत सापडली ती पंथाबाहेर. लक्ष्मीबाई टिळक. त्या प्रॉटेस्टंट मिशनमधल्या, आम्ही कॅथलिक, पण संसाराला पंथ नसतो. शाळा जवळजवळ नाहीच, नवरा कवी आणि धर्मोपदेशक, घरात कायम माणसांचा राबता. रेव्हरंड टिळक १९१९ मध्ये गेले, तेव्हा त्यांचं ‘ख्रिस्तायन’ अर्धवट राहिलं होतं. ते लक्ष्मीबाईंनी पुरं केलं. मला यात काहीच नवल वाटलं नाही. नवऱ्याने अर्धवट टाकलेलं काम बायकोने पुरं करायचं हा आमच्या घरचाही नियम आहे. फक्त आमच्याकडे ते महाकाव्य नसून मोरीचा नळ असतो. पण एवढं सगळं सांभाळून त्या बाईने वर ‘स्मृतिचित्रे’ लिहिली, तीही ज्या गडबडीने भल्याभल्यांची लेखणी बंद पडली असती त्या गडबडीवरच! मला धीर आला.

मी कथा लिहायला घेतली. पहिली अडचण शैलीची. इतक्या वर्षांच्या प्रार्थनांनी हात असा वळला होता, की नायक बेकार असला तर परिच्छेदाच्या शेवटी ‘तसेच जगातील सर्व बेकारांसाठी’ आपोआप उतरायचं. खलनायकही मनमिळाऊ आणि तळमळीचा निघायचा. नवऱ्याने वाचून अभिप्राय दिला, “छान आहे. पण शेवटी आमेन म्हणावंसं वाटतं.”

दुसरी अडचण वेळेची. ती उपवासकाळात सुटेल असं वाटलं होतं. लग्नं नाहीत, मेजवान्या नाहीत. पण उपवासकाळात क्रूसाची वाट असते आणि तिची चौदा स्थानं, प्रत्येकाला नवं मनन. ते कोण लिहिणार?

मग मी वही स्वयंपाकघरात मांडली, डब्यांच्या शेजारी. कुकरच्या शिट्ट्यांमध्ये जेवढं बसेल तेवढं लिहायचं. हळूहळू लक्षात आलं, की कथेत येतंय ते सगळं त्या ‘वाया गेलेल्या’ वर्षांतलंच आहे. मृत्युलेख आगाऊ तपासून घेणारा म्हातारा, गर्दी करणारे मेंढपाळ, घरातलं धुसफुसणं. निवांत खोलीत एकटी बसले असते, तर बहुधा खिडकीबाहेरच्या पावसावर लिहिलं असतं.

कथेत एक म्हातारी आहे. करारी, तोंडाची फटकळ, मनाची मऊ. शेवटी ती मरते आणि सगळ्या गावाला तिची किंमत कळते, असं मी योजलं होतं. मृत्युलेखात माझा हातखंडा, त्यामुळे तो भाग मी आधीच लिहून ठेवला होता. एका दुपारी बघते तर सासूबाई चष्मा लावून वही वाचतायत. मसाल्याचं बोट पानावर उमटलेलं.

“ही म्हातारी कोण?”

“कोणी नाही हो, आई. काल्पनिक आहे.”

“काल्पनिक आहे, तर माझ्यासारखी शेवग्याच्या शेंगांवरून भांडते कशी?” त्यांनी पान उलटलं. “आणि ही मरणार आहे?”

“शेवटी मरते. पण फार छान मरते.”

सासूबाईंनी वही मिटली, पदर खोचला आणि माझ्या हातातलं लाटणं काढून घेतलं. “आजपासून दुपारचा स्वयंपाक मी बघते. तू लिहीत बस. पण ज्या दिवशी ही मेली, त्या दिवसापासून चूल तुझी.”

कथेची आता कादंबरी झाली आहे. म्हातारीची तब्येत उत्तम आहे.