आपल्या गाडीला कंठ फुटला, अभिनंदन!

पांढऱ्या छोट्या गाडीचे मालक, बी विंग, यांस


आपल्या गाडीला अखेर कंठ फुटला, याबद्दल प्रथम अभिनंदन. कंपनीने दिलेला तो एकुलता एक चपटा हॉर्न आम्हीही ऐकत होतो. 'पीं' म्हणायचा, तेही लाजत. आता बंपर खोलून, मागे गोगलगायीसारख्या दोन भोंग्यांची जोडी बसवून, रिले टाकून, थेट बॅटरीवरून जाड वायर ओढून आपण जे काही उभं केलं आहे, ते ऐकून वॉचमनकाका परवा पाइप घेऊन गेटवर धावले. त्यांना वाटलं, पाण्याचा टँकर आला. समोर पाहतात तर चार मीटरही नसलेली आपली गाडी.

काम मात्र चोख आहे. एक भोंगा चारशे हर्ट्झच्या आसपासचा, दुसरा पाचशेच्या. दोन्ही एकदम वाजले की आवाज भरदार होतो आणि गाडी आहे त्यापेक्षा दुप्पट वाटते. रिले न टाकता असले भोंगे जोडणारे महाभाग हॉर्नचा स्विच जाळून बसतात. आपण ती चूक केली नाहीत. केली असतीत तर फार उपकार झाले असते.

शुक्रवारी संध्याकाळी माझी आई भाजी घेऊन गल्ली ओलांडत होती. वय 78, दोन्ही गुडघे बदललेले. आपण मागून आलात आणि दाबलंत. आई जागच्या जागी थिजली. दचकलेला माणूस आधी थबकतो, पळायचं त्याला नंतर सुचतं, आणि या वयात सुचलं तरी पाय ऐकत नाहीत. ती हलेना म्हणून आपण पुन्हा दाबलंत, या खेपेला लांबलचक. पिशवी सुटली, मेथी रस्त्यावर. आणि आपण काचसुद्धा खाली न करता आतूनच हात हलवलात, 'चला, चला'. अहो, कशी चालेल ती? तुम्हीच तिला खिळवून ठेवलं होतंत! दहा सेकंद थांबला असतात तर कुठली गाडी चुकणार होती तुमची? तुम्ही गाडीतच बसला होतात ना?

बरं, हा हॉर्न तुम्ही का बसवलात, तेही मला ठाऊक आहे. गणपतीच्या मीटिंगनंतर तुम्हीच सांगितलं होतं. नवले पुलाच्या उतारावर शेजारचा ट्रेलर तुमच्या अंगावर सरकत आला, मागच्या सीटवर मुलगी झोपलेली, तुम्ही तळहात गच्च दाबून धरलात आणि गाडी म्हणाली 'पीं'. सांगताना चहाचा कप तुमच्या हातात हलत होता. वडगावात राहणाऱ्याला तो उतार समजावून सांगावा लागत नाही. 2022 च्या नोव्हेंबरमध्ये तिथे एका अवजड वाहनापायी कितीतरी गाड्यांचं नुकसान झालं होतं. तुमच्या जागी मी असतो तर दुसऱ्याच दिवशी नाना पेठेत स्पेअर पार्टच्या दुकानापुढे उभा राहिलो असतो.

पण पुढचा हिशेब बघा. ट्रेलरवाला बसतो उंचावर, जवळच इंजिनाची घरघर, आत गाणी. मोठ्या गाडीवाल्याच्या काचा बंद, एसी चालू. म्हणजे ज्याच्यासाठी हॉर्न घेतला, त्याला तो जेमतेम पोचणार. पुरता पोचतो तो ज्यांच्यापुढे काच नाही त्यांना: माझ्या आईला, दूधवाल्याला, शाळेच्या पोरांना. तुम्हाला तर तो कमीच ऐकू येतो, कारण त्याचं तोंड रस्त्याकडे आणि तुम्ही काचेमागे. घेतला ट्रेलरसाठी, वाजतो म्हातारीवर.

रिव्हर्स घेतानाची ती धून आणि मुलीला चौथ्या मजल्यावरून खाली बोलावण्यासाठी दिलेले हॉर्नचे दोन ठोके, यांबद्दल पुन्हा कधीतरी.

कायदा काढणार नव्हतो, पण काढतोच. 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांपैकी 119 वा नियम कर्कश, दचकवणाऱ्या हॉर्नला मनाई करतो. मोटार वाहन कायद्याच्या 194 एफ कलमानुसार विनाकारण हॉर्न वाजवल्यास पहिल्यांदा हजार रुपये दंड, पुन्हा सापडलात तर दोन हजार. रहिवासी भागात रात्री 10 ते सकाळी 6 हॉर्नला बंदी, आणीबाणी सोडून. मुलीला खाली बोलावणं आणीबाणीत बसत नाही. मुंबई पोलिसांनी तर मध्यंतरी काही चौकांत सिग्नललाच आवाज मोजणारं यंत्र जोडलं होतं. कलकलाट 85 डेसिबलच्या वर गेला की लाल दिव्याचे आकडे पुन्हा पहिल्यापासून सुरू. आपल्या गल्लीत सिग्नल नाही, हे तुमचं नशीब.

हॉर्न काढा असं मी म्हणत नाही. उतारावर असू द्या. फक्त एक करा. गाडीवरचा हॉर्न तपासताना यंत्र गाडीपुढे सात मीटरवर ठेवतात, आणि आवाज 93 ते 112 डेसिबलमध्ये असावा लागतो. येत्या रविवारी पार्किंगमध्ये त्या सात मीटरवर यंत्राऐवजी तुम्ही स्वतः उभे राहा, गाडीकडे पाठ करून. दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या घ्या. वहिनींना गाडीत बसवा आणि त्यांना वाटेल तेव्हा, न सांगता, दाबायला सांगा. तोवर गल्लीत हॉर्नला हात लावू नका.

कळावे,
आपला शेजारी, ए विंग