काटा दिसला पाहिजे

मोत्यांचं शहर म्हणून जगभर नाव असलेल्या हैदराबादेत माझी बायको साखरेचे मोती विकते. पत्थरगट्टीच्या सराफांनी अजून तरी याचा धसका घेतलेला नाही. तिचं गिऱ्हाईक वेगळं. गच्चीबावली-कोंडापूरच्या उंच इमारतींत नोकरीपायी आलेली मराठी जोडपी राहतात. कुणाची पहिली संक्रांत असते, कुणाच्या बाळाचं बोरन्हाण. गावाकडून आईचा फोन आला, की यांना हलव्याचे दागिने आठवतात.

पूर्वी सुलतान बाजार, काचीगुड्याकडच्या बायका घरी येऊन नमुने बघायच्या. तन्मणी गळ्याला लावून बघायचा, चहा घ्यायचा, भाव पाडायचा. आताचं गिऱ्हाईक म्हणतं, ‘काकू, फोटो टाका ना.’ मी निवृत्त, म्हणजे घराच्या हिशेबात बिनपगारी आणि सदैव हजर. छायाचित्रकार कोण, यावर चर्चाच झाली नाही.

या धंद्यात शहराची परंपरा मोठी आहे. लाला दीनदयाळ हे सहाव्या निझामाचे छायाचित्रकार. निझामाने त्यांना ‘राजा बहादूर मुसव्विर जंग’ असा किताब दिला. पडद्यातल्या बायकांसाठी १८९२ साली त्यांनी इथे जनाना स्टुडिओ काढला आणि फोटो काढायला बाईच नेमली. मला मिळाला जेवणाच्या टेबलाचा खिडकीकडचा कोपरा, तोही कुकरची तिसरी शिट्टी होईपर्यंत. किताबाचं म्हणाल, तर ‘अहो’वर भागवतो.

त्यातून १ जानेवारीला नामपल्लीला नुमाइश सुरू होते. १९३८ पासूनचा रिवाज. नुमाइश बघायला म्हणून पाहुणे येतात आणि तो कोपराही जातो. म्हणून माझा स्टुडिओ फिरता. लग्नातल्या सूटकेसमध्ये सगळा मावतो: एक पाट, गणपतीच्या मखरातून वाचलेले थर्माकोलचे तुकडे, बटर पेपरची गुंडाळी, कपडे वाळत घालायचे चिमटे, काळी मखमल, जगदीश मार्केटातून आणलेला मोबाइलचा स्टँड आणि मुंग्यांसाठी लक्ष्मणरेषेचा खडू. फोटोग्राफीच्या पुस्तकांत हा खडू सापडणार नाही. त्या लेखकांनी साखर पांढरी दाखवली असेल, गोड असते हे त्यांच्या ध्यानात नसावं.

मध्यंतरी मुलाने एक घडीचा पांढरा तंबू पाठवला. आत चहूबाजूंनी दिवे. ‘बाबा, आता फक्त बटण दाबायचं.’ दाबलं. हार असा काही उजळला, की नव्या नवरीच्या गळ्यात औषधाच्या गोळ्यांची माळ घातल्यासारखा दिसायला लागला. बायकोने फोटो मोठा करून बघितला आणि एवढंच विचारलं, ‘काटा कुठे गेला?’

हलवा ज्यांनी करताना बघितलाय त्यांना या प्रश्नाचं वजन कळेल. मंद शेगडीवर परात. परातीत तीळ, खसखस नाहीतर साबुदाणा. वरून साखरेचा पाक, चमचा-चमचा. पाक सुकेपर्यंत बोटांनी हलवत राहायचं, मग पुढचा चमचा. बोटं भाजतात, कंबर मोडते, आणि थंडी मनासारखी पडली तर दाण्यावर हळूहळू काटा फुलतो. नाही पडली तर दाणा गोटा राहतो आणि बायको हैदराबादच्या हवेला मराठीतून बोल लावते. सगळी कमाई त्या काट्याची, आणि तंबूने तीच पुसून टाकली होती. साधी गोष्ट आहे: चहूबाजूंनी उजेड आला की सावली पडत नाही, आणि सावली नसेल तर काटाही नाही. सर्व बाजूंनी उजळून निघालेला दाणा किंवा पुढारी, दोन्ही सारखेच गुळगुळीत दिसतात.

तंबूत आता कांदे असतात.

उजेड एकाच बाजूने हवा, आणि तोही खालून, जवळजवळ टेबलाला टेकून आलेला. सकाळी आमच्या पूर्वेच्या खिडकीतून तसा येतो. मध्ये चिमट्यांनी बटर पेपर ताणायचा, म्हणजे ऊन बोचत नाही. समोरच्या बाजूला थर्माकोल उभा करायचा. तो जवळ सरकवला की सावली पातळ होते, लांब नेला की दाट. घरातले सगळे दिवे बंद, नाहीतर तन्मणी एका अंगाने पिवळा, दुसऱ्या अंगाने निळा येतो. पंखाही बंद, कारण नथ हलते.

काळ्या मखमलीवर आणखी एक भानगड. कॅमेऱ्याची समजूत अशी, की जग मुळात करडं आहे. काळं समोर आलं की तो ते करडं करायला जास्त उजेड घेतो आणि पांढरा हलवा फटफटीत होतो. मग दाण्यावर बोट टेकवून पडद्यावरचा तो छोटा सूर्य खाली ओढायचा. मखमल काळी होते, काटा परत येतो. संक्रांतीला काळी चंद्रकळा नेसणाऱ्या बायकांना हा हिशेब आधीपासून ठाऊक असावा.

राहता राहिला आकार. सातवा निझाम १८४.७५ कॅरटचा जेकब हिरा पेपरवेट म्हणून वापरायचा, असं सांगतात. म्हणजे त्याच्या शेजारी कागद तरी असायचे. आमच्या नथीशेजारी काय ठेवायचं? रुपया ठेवला तर बायको म्हणाली, ‘दागिना आहे, ओवाळणीचं ताट नाही.’ हा पेच शेवटी एका मुंगीने सोडवला. खडूची रेघ ओलांडून ती नथीवर चढली आणि फोटोत आली. गिऱ्हाईकाचा निरोप आला, ‘काकू, तो काळा खडा फार गोड दिसतोय. त्याचे वेगळे पैसे का?’

ऑर्डर मिळाली. खडा नंतर स्वतःहून निघून गेला.

ही कीर्ती समोरच्या फ्लॅटपर्यंत पोचली. तिथल्या तेलुगू काकू संक्रांतीला सकिनालू करतात. तांदळाच्या पिठात तीळ आणि ओवा घालून बोटांनी कापडावर गोल गोल वळसे टाकायचे, मग तळायचे. त्या ताट भरून घेऊन आल्या. ‘अंकल, इसका भी निकालो ना, अच्छा वाला.’ मखमलीला तेलाचे डाग पडले असते, म्हणून केळीचं पान अंथरलं. पान चकचकीत, त्यात अख्खी खिडकी दिसायला लागली. पान फिरवलं, थर्माकोल मागे घेतला, वळशावरचे तीळ एकेक उठून दिसायला लागले, तेवढ्यात तिसरी शिट्टी झाली. टेबलाच्या त्या टोकाला ताटं मांडली जात होती.

‘अहो, फोटो झाला असेल तर ती सकिनालू इकडे द्या,’ बायको म्हणाली. ‘नसेल झाला तरी द्या.’