नानांचं बाकडं

अहो काकू, जरा गडग्याशी या! नानांचं बाकडं बघितलंत? कालच ओटीवर मांडलंय. आत्ता माझ्याकडूनच ऐका. ते स्वतः सांगायला बसले तर तुमचा भात करपेल.

२०२० च्या निसर्ग वादळात त्यांच्या परसातला कापा फणस आडवा झाला, आठवतंय ना? आपण कौलं वेचत होतो आणि हे गृहस्थ बुंध्यापाशी टेप घेऊन उभे! गिरणीतून दोन-दोन इंची फळ्या पाडून आणल्या, टोकांना ऑइलपेंट फासला आणि मधे पट्ट्या घालून पडवीत चळत रचली. एका इंचाला एक वर्ष वाळवायचं असतं म्हणे. काकी बिचारी दोन वर्षं त्या चळतीला वळसा घालून तुळशीपाशी जायची. दोनाची पाच झाली, ती नानांच्या चालढकलीने.

सुतार म्हणाला, कड सरळ करतो. नाना म्हणाले, हात लावू नकोस, झाडाची होती तशीच राहू दे. साल मात्र सोलून काढली, तिच्याआड भुंगेरे राहतात. पण खरी गोम पुढेच. फणसाच्या पिवळ्या गाभ्याला कीड सहसा शिवत नाही, कडेचं पांढरं लाकूड मात्र आवडीने खाते. आणि यांना हवी नेमकी तीच कड! बसा आता दरवर्षी औषध मारत.

मधोमध भेग होती. मी म्हटलं, लांबी भरा की. छे! तिथे शिसवाचे तीन डमरू आडवे बसवले. नक्षी दिसते, पण खरं तर टाके आहेत ते, भेग पुढे सरकू नये म्हणून. आधी डमरू कापायचा, तो फळीवर धरून सुरीच्या टोकाने भोवती आखायचं, मग पटाशीने खाच. पेन्सिलीची रेघ जाड पडते, खाच सैल होते. पहिल्याची झालीच. तिथे भुसा नि फेविकॉल भरलंय. दिसेल तुम्हाला, पण बोलू नका हं.

कडेने पितळेची पट्टी जडवलीय, ती अराल्डाइटने. घाईघाईत मशीनने घासली, पितळ तापलं, चिकटवण मऊ झालं आणि पट्टी आली वर! शिवाय पितळेची काळी पूड लाकडात शिरली. अख्खा रविवार हाताने पॉलिश पेपर मारत होते. काकी म्हणाली, एवढं लक्ष मुंडावळ्या बांधतानाही नव्हतं.

पाय लोखंडी, चौकोनी पाइपचे. वेल्डरने गोल भोकं पाडून आणली, नानांनी ती लांबट करून घेतली. पावसाळ्यात फळी रुंदीत फुगते, बोल्टला सरकायला जागा नसेल तर तडकते. इथे मात्र मानलं बाई त्यांना! खाऱ्या हवेसाठी खाली रेड ऑक्साइडचे दोन हातही दिलेत.

बसून आले मी. उंची बेताची, दोघी आरामात मावतो. संध्याकाळी या, चहा काकीकडेच आहे. फक्त डाव्या कडेला एक गाठ अजून खरखरीत आहे, माझ्या पदराचा धागा तिथेच निघाला. तुम्ही उजवीकडे बसा.