चुणचुण म्हणजे नेमकं काय?

गोंदियाला बदली होऊन आठ महिने झाले आणि माझ्या पोटरीवर एक चट्टा उगवला. रुपयाएवढा, गोल, कडेने लाल. मी सातारचा; बाजारात तोंडातून पहिला ‘होय’ निघाला की ओळखू येतो. इथे दुकानदार हिंदीत, खेड्यातली माणसं झाडीबोलीत नाहीतर पोवारीत. आपल्याच राज्यात मी परदेशी.

चट्ट्यावर प्रत्येकाचं मत होतं. घरमालक म्हणाले, रोवणीच्या वेळी बांधीत उतरला असाल. शेजारी म्हणाले, बिब्बा उतला. मेडिकलवाल्याने काही न विचारता एक ट्यूब काढून दिली. आठवडाभर चट्टा फिका पडला, मग दुपटीने परतला.

तेवढ्यात घरोघर तपासणीला आशाताई आल्या. त्यांनी एकच विचारलं, “तिथं लावलेलं समजते न जी?” त्या रात्री मी झोपलो नाही. पूर्व विदर्भात चट्टा हा शब्द हलका नाही. बाबा आमट्यांनी १९४९ साली महारोगी सेवा समिती काढली ती याच विदर्भात, वरोऱ्याला. कुष्ठरोग आता ६ किंवा १२ महिन्यांच्या फुकट गोळ्यांनी बरा होतो, हे मी इतरांना ऐटीत सांगत आलो होतो. स्वतःला सांगताना ऐट टिकेना.

सरकारी दवाखान्यात चिठ्ठी काढून चर्मरोग विभागाच्या बाकावर बसलो. शेजारी एक आजी. माझा भाचा ओसाकाला असतो, त्याला बसल्या बसल्या फोनवर हाल कळवले. तो म्हणाला, “मामा, मीही इथे हिफुकात, म्हणजे चामडीच्या डॉक्टरकडे जाऊन आलो. जपानीत टोचल्यासारखं झालं तर चिकुचिकु, चरचरलं तर हिरिहिरि, किडा चालल्यासारखं वाटलं तर मुझुमुझु. मला नेमकं काय होतंय तेच ठरेना!”

मला हेवा वाटला. पण आपण तरी कुठे कमी? खाजतं, चुणचुणतं, चरचरतं, हुळहुळतं. मी मनात उजळणी करून आत गेलो.

डॉक्टरबाई तरुण, तेलंगणाच्या. “चुणचुण म्हणजे?” त्यांनी हिंदीत विचारलं. मी दोन बोटांनी हवेत चिमटे काढून दाखवले. मग त्यांनी कापसाचा बोळा घेतला. डोळे मिटा, लागेल तिथे बोट ठेवा. मी डोळे घट्ट मिटले आणि लगेच चट्ट्याच्या मधोमध बोट ठेवलं.

“मैंने अभी लगाया नहीं,” बाई म्हणाल्या.

दुसऱ्यांदा खरोखर लागलं, पिसासारखं, हलकं, आणि मला इतका आनंद झाला की मी “लागलं!” म्हणून ओरडलो. गजकर्ण निघालं. त्या ट्यूबमध्ये स्टेरॉइड होतं. त्याने खाज दबते, चट्टा फिका दिसतो आणि खाली बुरशी मजेत पसरते.

बाहेर आलो तोवर आजीही तपासून आल्या. आत जाण्याआधी त्यांनी मला सगळं सांगितलं होतं: दिवसा काही नाही, रात्री चुलीजवळून उठलं की मांडीवरून लाल मुंग्यांची रांग निघते, कोंबडा आरवेपर्यंत थांबत नाही.

“का लिवलं जी मह्यावर? वाचा न.”

मी त्यांचा कागद उघडला, मग माझा. दोन्हीवर एकच शब्द होता: इचिंग.